शेजारच्या लग्नात आमची भिंत

आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत आणि शेजारच्या हिराचं लग्न, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो मी जोडला.

पनवेलला तेव्हा आम्ही तळ्याच्या बाजूला राहत होतो. मी शाळेत भूगोल शिकवायचो. घर वडिलांनी घेतलेलं, बैठं, कौलारू आणि तीन बाजूंनी बरं. चौथी बाजू पश्चिमेची. आमच्याकडे पाऊस येतो तो पश्चिमेकडून आणि आडवा येतो. म्हणून ज्या कोणी ते घर बांधलं होतं, त्यानं आतल्या कुडाच्या भिंतीला बाहेरून लाकडी फळ्या ठोकून दिल्या होत्या. (कुड म्हणजे कारवीच्या काठ्या आणि त्यांवर मातीचं लिंपण. ओलं झालं की ते पुन्हा माती आणि काठ्या होतं.) फळ्या सागाच्या आहेत असं वडील अभिमानानं सांगत. सागाच्या असत्या तर वाळवीनं त्या इतक्या आवडीनं खाल्ल्या नसत्या. काही फळ्या खाली गळून पडल्या होत्या, काही एका खिळ्यावर लोंबकळत होत्या, आणि उरलेल्या केवळ सवयीनं जागेवर उभ्या होत्या.

ही भिंत आमच्या शेजाऱ्यांच्या, जोमाशेटच्या अंगणाकडे तोंड करून होती. जोमाशेटचं खाडीकडे मिठागर होतं. माणूस सरळ, बोलायला मऊ. त्या चैत्रात एका सकाळी तो आला आणि ओटीवर बसून बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, हिराचा लगीन ठरला."

"वा. कुठलं स्थळ?"

"आपट्याचा. राघोशेटचा पोरगा. मंडली मोठी हाय. मांडव आमच्या आंगनात, म्हंजे तुमच्या भितीला लागून."

"हो ना. अगदी जवळ."

"तेच बोलतो. त्या फल्या..." जोमाशेट थांबला. दुसऱ्याच्या भिंतीबद्दल बोलणं त्याला जड जात होतं. "व्याह्याच्या डोक्यात फली परली तर पोरीला जन्मभर ऐकावा लागल."

मी तिथल्या तिथे शब्द दिला. "लग्नाआधी भिंत नवी करतो. तुम्ही निर्धास्त राहा."

जोमाशेट समाधानानं गेला. माझी बायको इंदू आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली.

"मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून सांगतेय फळ्या बदला म्हणून. जोमाशेटनं एकदा सांगितलं तर लगेच?"

"त्यांच्या घरी कार्य आहे."

"बरं झालं. आपल्या घरी नुसता पाऊसच होता."

नव्या भिंतीला पन्हाळी पत्रे मारायचे असं मी ठरवलं. त्या काळी पत्रे कंट्रोलवर होते. परमिटासाठी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला आणि पावसाळा संपल्यावर चौकशीला यायला सांगितलं. मी म्हटलं, पत्रे पावसासाठीच हवे आहेत. तो म्हणाला, पुढच्या वर्षीही पाऊस येईल की. भूगोलाच्या मास्तरला हे नाकारता येत नव्हतं.

मार्ग काढला तो उस्मानभाईंनी. उस्मानभाई आमच्या बाजारातले पत्र्याचे कारागीर. बादल्या, कंदील, पन्हाळी सगळं करत. आणि समोरचा जे म्हणेल त्याला "बेशक" म्हणत. त्यांच्याशी बोलून कोणाचंही मन मोडत नसे, त्यामुळे त्यांच्याकडून परतलेल्या प्रत्येकाला आपण हुशार आहोत असं वाटे. ते म्हणाले, "मास्तरसाहेब, मुंबई-पुणे सडकेवर डांबराचं काम चाललंय. रिकामी पिंपं पडली आहेत. कापून, ठोकून सरळ केली की पत्राच पत्रा. परमिट नको, काही नको."

मला ती कल्पना फार आवडली. पिंपं बैलगाडीतून आमच्या दारात आली. उस्मानभाई ती छिन्नीनं उभी कापत आणि घणानं ठोकून सपाट करत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा आवाज चाले. गल्लीतले लोक एकमेकांशी खुणांनी बोलू लागले. समोरच्या घरातल्या एका आजोबांना ऐकू कमी यायचं. त्यांनी मात्र मला मुद्दाम थांबवून सांगितलं की हल्ली त्यांचे कान पुष्कळ सुधारलेत.

इकडे जुन्या फळ्या काढायला घेतल्या. काढायला म्हणजे, मी एक ओढली आणि बाकीच्या आपण होऊन आल्या. त्यांच्यामागोमाग कुडाचा मोठा तुकडाही आला. धूळ बसली तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. त्यात इंदू पोळ्या लाटत बसली होती. मी जोमाशेटच्या अंगणात उभा होतो.

"आता हे किती दिवस?" तिनं लाटणं न थांबवता विचारलं.

"पत्रे तयार होईपर्यंत."

ते दिवस मी विसरलेलो नाही. जोमाशेटची बायको जनाबाई लग्नाच्या तयारीसाठी दिवसभर अंगणातच असे. तिच्याबरोबर नात्यातल्या बायका पापड लाटायला बसत. त्यांच्यासमोर आमचं स्वयंपाकघर एखाद्या नाटकासारखं उघडं. "वैनी, फोरनी करपतंय बगा," अशी हाक येई. "वैनी, आज पन दुधीच?" इंदूनं एक दिवस सोसलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं असा काही स्वयंपाक मांडला की मी जेवताना पाहुणा असल्यासारखा बसू लागलो. अळूवड्या झाल्या, भरली वांगी झाली, एकदा तर बिनसणाची पुरणपोळी झाली. पत्र्यांचं काम जरा सावकाश चाललं तरी चालेल, असं मी उस्मानभाईंना हळूच सांगूनही पाहिलं. ते म्हणाले, "बेशक."

पण शेवटी पत्रे तयार झाले, आणि ते ठोकायच्या वेळी एक प्रश्न आला. पिंपाची बाहेरची बाजू गंजकी लाल होती. आतली बाजू डांबराच्या जाड थरानं मढलेली, काळी कुळकुळीत. उस्मानभाईंनी विचारलं, "कुठली बाजू बाहेर घेऊ?"

मी हाताची घडी घातली. असा प्रश्न मला आयुष्यात क्वचितच कोणी विचारला होता. म्हटलं, "उस्मानभाई, डांबर म्हणजे काय? पाण्याला अटकाव. रस्त्यावर घालतात ते उगीच? डांबराची बाजू बाहेर ठेवा. गंज नाही, गळती नाही, रंगाचा खर्च नाही."

"बेशक," उस्मानभाई म्हणाले. "कमाल दिमाग आहे."

भिंत उभी राहिली. लांबून ती अगदी एकसंध काळी दिसत होती. मी तिच्यासमोर उभा राहून बराच वेळ बघत होतो. मग जनाबाई आली. तिनंही बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"मास्तर, लग्नाच्या मांडवात काली भित? आपट्याची माणसा काय बोलतील?"

जोमाशेट तिच्या मागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. लग्न तोंडावर आलं होतं आणि त्याच्या मांडवाला मी काळा पडदा लावला होता. मला अपराध्यासारखं झालं. मी लगेच म्हटलं, "त्यात काय? चुना मारू. पांढरीशुभ्र करून देतो."

डांबरावर चुना बसत नाही. पहिला हात मारला तो ओघळून खाली आला. मग मी डोकं लढवलं. चुन्यात भाताची पेज घातली, डिंक घातला, थोडा गूळही घातला. त्यानं मुंग्या आल्या, पण चुना बसला. हातावर हात मारत मी ती भिंत अशी पांढरी केली की दुपारी तिच्याकडे बघताना डोळे मिटायचे. जनाबाईचा राग गेला. हिरा आणि तिच्या मैत्रिणींनी त्यावर गेरूनं चित्रं काढली. कलश, तुळशीवृंदावन, मोर, चंद्रसूर्य. बरोबर मध्यभागी मोठा कलश, वर नारळ. त्या कलशाखाली, भिंतीला टेकून, वरपक्षाच्या मानकऱ्यांची बसायची जागा ठरली.

"टेकायला चांगली भित झाली," जोमाशेट म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी त्या रात्री इंदूला ते दोनदा सांगितलं.

लग्न वैशाखातलं, गोरज मुहूर्ताचं. आपट्याची मंडळी भर दुपारीच बैलगाड्यांतून आली. मांडव झावळ्यांचा, घट्ट विणलेला. पश्चिमेच्या बाजूला उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून लुगडी बांधलेली. त्यामुळे आत छान गारवा होता. वरमंडळी जेवली आणि कलशाखाली भिंतीला पाठ टेकून ओळीनं बसली. मध्यभागी वरबाप राघोशेट. भरदार माणूस, मोठ्या मिशा, बोलणं मोजकं. अंगात टसरचा कोट, खास या लग्नासाठी मुंबईला शिवलेला. पान खाऊन झाल्यावर त्यांनी डोकं मागे टेकलं आणि ते शांत झोपी गेले. हळूहळू सगळी ओळ झोपली. सनईवालाही पेंगायला लागला.

मी दुसऱ्या टोकाला, माझा शाळेचा कोट घालून, येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीबद्दल सांगत उभा होतो.

उन्हं कलली. भटजींनी घाई सुरू केली. नवरामुलगा पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला, हिराला मामा घेऊन यायच्या तयारीत. वरबाप उठून पुढे आले की मंगलाष्टकं सुरू व्हायची. जोमाशेट हात जोडून राघोशेटकडे गेला.

"व्याही, चला. येल झाली."

राघोशेट जागे झाले. उठायला म्हणून पुढे वाकले आणि थांबले. पुन्हा वाकले, पुन्हा थांबले. चेहऱ्यावर एक विचारी भाव आला.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले.

"आसा कसा? तुमच्याबिगर लगीन लागल?"

"मी हितंच बरा हाय."

जोमाशेटचा रंग उडाला. लग्नात वरबाप रुसतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण हे रुसणं जेवणाआधी, मानपानाच्या वेळी होत असतं. ऐन मुहूर्तावर, इतक्या शांतपणे कोणी रुसत नाही.

"व्याही, मानपानात काय कमी झाला का?"

"नाय."

"जेवान?"

"झ्याक व्हता."

"मंग उठा."

"नाय."

जोमाशेटनं जनाबाईकडे बघितलं. जनाबाईनं नव्या पितळी हंड्याकडे बघितलं. हंडा राघोशेटपुढे आला. राघोशेटनी मान हलवली. मग धोतरजोडी आली. तिलाही मान हलली. ओळीतल्या बाकीच्या मानकऱ्यांनी वरबाप उठत नाहीत हे पाहून आपणही न उठण्याचं ठरवलेलं दिसलं, कारण तेही जागचे हलले नाहीत. आता पुरा वरपक्ष रुसला होता. आत हिरा मुंडावळ्या बांधून उभी होती. तिच्या मैत्रिणी बाहेर डोकावून तिला बातम्या देत होत्या आणि प्रत्येक बातमीला तिचा हुंदका ऐकू येत होता.

भटजी म्हणाले, "मुहूर्त टळतोय हो."

जोमाशेट पार खचला. पोरीसाठी माणूस काय करणार नाही? तो हात जोडून, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलला, "व्याही, माझी दुभती म्हस तुमची. आता उठा."

जनाबाईनं त्याला मागून चिमटा काढला तो मला दिसला. म्हशीवर राघोशेटनी थोडा विचार केलेला वाटला. एकवार पुन्हा पुढे वाकूनही पाहिलं. पण उठले नाहीत.

तेवढ्यात माझी नजर त्यांच्या डोक्यावर गेली. झावळ्या आणि भिंत यांच्या फटीतून एक काळा ओघळ सावकाश खाली येत होता. पांढऱ्या चुन्यावरून, नारळावरून, कलशाच्या गळ्याशी. बाजूला दुसरा. मोराच्या पिसाऱ्यातून तिसरा. मी मान वर करून त्या फटीतून मांडवाच्या वर डोकावणारा भिंतीचा भाग पाहिला. त्यावर दुपारपासून वैशाखाचं ऊन पडत होतं. वरचा चुना पापडासारखा फुटला होता आणि खालचं डांबर पातळ होऊन, मुकाट्यानं, चुन्याच्या मागून खाली उतरलं होतं.

इंदू माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनंही वर बघितलं.

"सूर्य दुपारनंतर कुठे जातो," तिनं अगदी हळू विचारलं, "ते शाळेत तुम्हीच शिकवता ना?"

मी राघोशेटकडे गेलो आणि त्यांच्या कानाशी वाकलो. "शेट, कोट चिकटलाय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी कोन?"

"भिंत माझी आहे."

राघोशेटनी डोळे मिटले. मग उघडले. "मला वाटला, मला वातानं धरला. मेल्यागत पाठ हलंना. लग्नात बोभाटा नको म्हून गप बसलो."

"कोट काढा आणि उठा. मी भिंतीवरून नंतर सोडवतो."

"काढवत नाय," ते आणखी हळू बोलले. "आत सदरा घातला नाय. उकडतंय म्हून नुसती गंजी. ती पन पाठीत फाटलेली. सगल्या पनवेलीसमोर?"

मग मी त्यांना कोटासकट सोडवायचा प्रयत्न केला. माझा कोट काढून बाजूला ठेवला, त्यांच्यामागे हात घातला आणि जोर यावा म्हणून खांदा भिंतीला लावला. राघोशेट सुटले नाहीत. मी चिकटलो. आता वरबाप आणि भिंतीचा मालक एकमेकांना लागून बसलेले, आणि मांडवातल्या लोकांना वाटलं मी रुसव्यात सामील झालो. गर्दीतून कोणीतरी विचारलंही, "मास्तरांचा काय मागना हाय?"

शेवटी इंदूनं सूत्रं हातात घेतली. जनाबाईकडून एक सोलापुरी चादर मागून घेतली, दोन बायकांना ती आमच्यापुढे पडद्यासारखी धरायला लावली. चादरीमागे राघोशेट कोटातून बाहेर आले. मी सदऱ्यातून बाहेर आलो. त्यांचा कोट आणि माझा सदरा भिंतीवरच राहिले. मग राघोशेटनी माझा शाळेचा कोट चढवला. त्याच्या बाह्या त्यांच्या कोपरापर्यंतच पोहोचल्या आणि पोटाशी त्याची दोन टोकं एकमेकांना भेटू शकली नाहीत. पण पाठ झाकली. चादर बाजूला झाली आणि वरबाप उभे असलेले पाहून सनईवाल्यानं जो सूर लावला, तसा त्यानं पुन्हा कधी लावला नसेल.

बाकीचे मानकरी ओढून काढले. चार जणांनी एकाचे हात धरायचे आणि तीनवर ओढायचं. प्रत्येक वेळी पाय चिखलातून निघताना होतो तसा आवाज यायचा. एकाच्या पाठीवर अख्खा मोर उठून आला. एकाच्या पाठीवर चंद्र होता, त्याच्या भावाच्या पाठीवर सूर्य. गेरू, चुना आणि डांबर मिळून चित्रं इतकी ठसठशीत आली होती, की मागे बसलेल्या बायका त्यांचं कौतुक करू लागल्या. मंगलाष्टकं लागली, अक्षता पडल्या. मुहूर्त थोडा टळला होता, पण भटजींनी घड्याळ खिशात घातलं आणि गोरज अजून चालू आहे असं जाहीर केलं. गुरं मघाशीच परतून गोठ्यात रवंथ करत होती.

लग्न लागलं तरी भिंतीचं संपलं नव्हतं. डांबर काढायचं म्हणजे रॉकेल. घराघरांतून बाटल्या आल्या. सगळ्या वरमंडळींच्या माना, हात, केस रॉकेलच्या बोळ्यांनी पुसले गेले. हे झाल्यावर लक्षात आलं की आपट्याची सगळी मंडळी आता काडी लागली तर पेट घेतील अशी झाली आहेत. जोमाशेट मांडवभर धावत लोकांच्या तोंडातल्या विड्या काढून घेऊ लागला. फटाके पेटीतच राहिले. गॅसबत्त्या लांब, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवल्या. त्यामुळे रात्रीची पंगत जवळजवळ अंधारात झाली, आणि भाताला, वरणाला, जिलेबीलाही रॉकेलचा वास येत होता. मी नुसत्या गंजीवर उभा होतो. कोणीतरी माझ्या हातात पाण्याची बादली दिली आणि म्हणालं, "रिकामा काय हुबा ऱ्हातोस, पानी वाढ." मी वाढलं. ओळख द्यायची ती वेळ नव्हती.

जेवणं झाल्यावर निरोप आला की राघोशेट बोलावत आहेत. ते अंगणाच्या मधोमध, सगळ्यांपासून लांब, एका खुर्चीवर ताठ बसले होते. माझा कोट त्यांच्या अंगावर तसाच. मी बादली खाली ठेवून गेलो. जोमाशेट माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. पोरगी त्या घरात जायची होती.

"मास्तर," राघोशेट म्हणाले, "तो कोट माझ्या मेव्हन्यानं शिवला. काखेत काचतो. उकडतो. घातला नसता तर घरात म्हैनाभर बोलना ऐकला असता. आता भितीवरच ऱ्हाऊ द्या."

माझ्या जिवात जीव आला. जोमाशेटनं श्वास सोडला. राघोशेट त्याच्याकडे वळले.

"व्याही, म्हशीचा काय?"

जोमाशेटनं मान खाली घातली. शब्द दिला होता आणि साऱ्या मांडवानं ऐकला होता. म्हैस गेली असती तर ती माझ्या भिंतीपायी गेली असती, हे मला कळत होतं. तेवढ्यात जनाबाई पुढे झाली.

"ती म्हस रुसव्याची व्हती, व्याही," ती म्हणाली. "तुमी रुसलं कुठं? तुमी चिकटलं."

राघोशेटनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. ते इतके हसले की माझ्या कोटाची पाठीवरची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली आणि ती फाटकी गंजी शेवटी सगळ्या पनवेलला दिसली. त्याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. घरातून हिराच्या मैत्रिणींचा हसण्याचा आवाज आला, आणि त्यात एक आवाज हिराचाही होता असं इंदू सांगते.

तो टसरचा कोट भिंतीवर हात पसरून तसाच राहिला. रात्री डांबर थंड होऊन घट्ट झालं आणि मग तो ओढूनही निघेना. आषाढात त्याला हिरवट झाक आली. नव्यानं येणारे लोक त्याला बुजगावणं समजत. माझा सदरा त्याच्या शेजारी होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. शेवटी दिवाळीनंतर उस्मानभाईंना बोलावलं आणि पत्रे उलटे करून घेतले.

"ही बाजूच बरोबर होती नाही?" मी विचारलं.

"बेशक," ते म्हणाले.

वर्ष उलटलं आणि हिराला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आम्हालाही आलं. आपट्याला गेलो. राघोशेटनी अंगणातच मला मिठी मारली आणि हाताला धरून घराच्या मागे घेऊन गेले. तिथे नवीन गोठा उभा राहत होता. सुतार फळ्या आणि पत्रे मांडून खोळंबला होता.

"मास्तर," राघोशेट गंभीरपणे म्हणाले, "आता तुमीच सांगा. नदीकडनं वारा येतो. पत्रा कुठं मारू, फली कुठं मारू, नि दार कुठल्या अंगाला ठेवू?"

इंदू मागून माझी बाही ओढत होती. पण आपल्या मताला अजून किंमत आहे, हे पाहून मला भरून आलं होतं. मी वाऱ्याची दिशा बघितली, उन्हाचा विचार केला (या वेळी केला), आणि सगळं नीट समजावून सांगितलं. पत्रा इकडे, फळ्या तिकडे, दार नदीच्या अंगाला. राघोशेटनी मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं. दोन ठिकाणी तर त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

मग ते सुताराकडे वळले.

"ऐकलास ना मास्तर काय बोलले ते? सगला ध्यानात ठेव. नि आता बरोबर त्याच्या उलटा कर."

त्या गोठ्यात आजवर पाण्याचा थेंब गेलेला नाही.